स्टीमच्या काळातली पाण्याची टाकी: मॉडेलमधे खरी वाटेल अशी कशी बनवायची

मॉडेल रेल्वेचा नाद असलेली मंडळी इंजिनावर हजारो रुपये घालवतात, रुळांखाली खडी कुठल्या रंगाची हवी यावर तासभर वाद घालतात, आणि पाण्याची टाकी मात्र चार काड्यांवर एक खोकं ठेवून उरकून टाकतात. स्टीम इंजिनाला कोळशाइतकंच, खरं तर त्याहून जास्त वेळा पाणी लागायचं, त्यामुळे टाकी आणि तिचा कॉलम, म्हणजे रुळाशेजारचा इंजिनात पाणी सोडणारा खांब, ही स्टेशनातली महत्त्वाची गोष्ट, ती खोटी दिसली की सगळा सीन खोटा वाटतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मापं सगळी एचओ म्हणजे १:८७ ची देतोय. ओओ म्हणजे १:७६ वाले असाल तर हिशोब अजून सोपा, एका फुटाला ४ मिमी, संपलं.

आधी डोक्यात एकच गोष्ट पक्की करा, मग बाकी सगळं आपोआप सुचत जातं: टाकीचं रूप पाण्याच्या वजनाने ठरतं. शोभेसाठी तिच्यात काहीही नाही. ६ फूट उंच माणसाच्या डोक्यावर १५-२० फूट चढवलेलं ८०-९० टन पाणी, हे चित्र मनात ठेवून प्रत्येक भाग बनवा. पाय किती जाड, बीम कुठे, पट्टे कुठे दाट, पाईप कुठून आत आणि कुठून बाहेर, सगळ्याची उत्तरं तिथेच आहेत.

आता आपल्याकडची टाकी. पुण्यात रेल्वे आली १८५८ मधे, खंडाळ्याहून. बोरघाट पुढे १८६३ ला पूर्ण झाला. नंतर १९२९ मधे मुंबईकडून विजेची लाईन पुण्यापर्यंत आली, पण पुढे दौंडकडे आणि मिरजकडे स्टीमच चालू राहिलं, म्हणजे पुण्यात इंजिनं बदलायची आणि पाणी लागायचंच. मिरज लाईन तर तेव्हा मीटर गेज होती. त्यामुळे तुमचा लेआउट, म्हणजे मांडलेलं सगळं मॉडेल, पुणे, दौंड किंवा मिरज लाईनवरचं एखादं छोटं स्टेशन असा असेल तर एका टोकाला विजेचे खांब आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचा कॉलम हे दोन्ही एकत्र दाखवता येतं, आणि ते दिसतं पण झकास. पाण्यासाठी रेल्वेने काय काय केलंय ते बघायचं तर लांब जायला नको, पावसाळ्यात आपण सगळे लोणावळ्याला ज्या भुशी डॅमच्या पायऱ्यांवर गर्दी करतो तो डॅम जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठीच बांधलेला.

आपल्याकडचा नेहमीचा प्रकार म्हणजे खाली दगडी बांधकाम आणि वर लोखंडी चौकोनी टाकी. दख्खनमधे काळा दगड फुकटात पडलेला, तेव्हा पायाला तोच. चारी बाजूंनी भिंती, एखादी कमान, त्यात दार, आत पंप नाहीतर स्टोअर. काही ठिकाणी नुसते दगडी खांब आणि त्यावर गर्डर. वरची टाकी जुनी असेल तर ओतीव लोखंडाच्या प्लेटांची, नंतरची असेल तर दाबून आकार दिलेल्या स्टीलच्या प्लेटांची, ज्याला ब्रेथवेट टाकी म्हणतात. ह्या स्टीलच्या प्लेटी ४ फूट बाय ४ फूट, प्रत्येकीच्या मधे फुगवटा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या घड्या, बंद पाकिटाच्या मागच्या बाजूसारख्या. फुगवटा कशासाठी तर सपाट पत्रा पाण्याच्या दाबाने पोट काढतो, घडी घातली की ताठ राहतो.

ह्या ४ फुटांमुळे आपलं काम एकदम सोपं होतं. ४ फूट म्हणजे १:८७ मधे बरोब्बर १४ मिमी, १:७६ मधे १६ मिमी. टाकीची लांबी, रुंदी, उंची सगळी ह्याच्याच पटीत असणार, मधलं माप येतच नाही. कुठलाही जुना फोटो घ्या, प्लेटी मोजा, टाकीचं माप हातात. आणि ४ फूट घन म्हणजे ६४ घनफूट, एका घनफुटात ६.२३ इम्पिरिअल गॅलन, म्हणजे एका ठोकळ्यात जवळजवळ ४०० गॅलन. ६ प्लेटी लांब, ४ रुंद, २ उंच अशी टाकी घेतली तर ४८ ठोकळे, १९ हजार गॅलनच्या आसपास. एका गॅलनचं वजन १० पौंड, म्हणजे नुसतं पाणीच ८७ टन. डब्ल्यूपी, डब्ल्यूजी सारख्या मोठ्या इंजिनाच्या टेंडरमधे, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, साधारण ५ हजार गॅलन मावायचं, त्यामुळे अशी टाकी तीन-चार इंजिनांत रिकामी. आता स्वतःच ठरवा की तुमच्या स्टेशनला किती मोठी टाकी शोभेल, दिवसाला दोन पॅसेंजर थांबणाऱ्या गावात १० प्लेटी लांबीची टाकी ठेवलीत तर जाणकार हसणारच, आणि जंक्शनला एकच पिटुकली ठेवलीत तरी हसणार.

मी ह्या ६ बाय ४ बाय २ वालीच धरून सांगतो, एचओ मधे ८४ बाय ५६ बाय २८ मिमी. पायाची उंची २० फूट धरा, ७० मिमी. उंची का एवढी, तर कॉलममधून टेंडरमधे पाणी नुसत्या उताराने पडायचं, पंप फक्त टाकी भरायला. टाकीचा तळ टेंडरच्या तोंडापेक्षा बराच वर नसेल तर पाणी सावकाश येणार आणि गाडी लेट होणार. म्हणून बुटकी टाकी कधीच बरोबर दिसत नाही, लोक जागेच्या नादात पाया कमी करतात आणि मग ती घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखी दिसते. स्टेशन जर टेकडीच्या उताराला असेल तर मात्र टाकी चढावर ठेवून पाया कमी करता येतो, घाटातल्या लेआउटला ही युक्ती चांगली.

सामान सगळं पुण्यातच मिळतं. ३ मिमी सनबोर्ड आणि जाड कार्डशीट अप्पा बळवंत चौकात, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आणि बारीक वायर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, बाकी फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, पॉलिश पेपर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधे. पत्र्यासाठी काही विकत घेऊ नका, पार्सलच्या जेवणाचा अॅल्युमिनियमचा डबा धुवून ठेवा, त्याच्यासारखा फॉइल नाही, घरातला पोळ्या गुंडाळायचा फॉइल फाटतो आणि कोल्ड्रिंकचा कॅन कडक पडतो.

पाया आधी करा. सनबोर्डच्या चार भिंती कापून त्यावर दगड कोरायचे. सुकलेलं, शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं, आडव्या रेषा आधी मारायच्या, थर ३ ते ३.५ मिमीचा म्हणजे खऱ्यातला १०-१२ इंचाचा, मग उभे सांधे, पण खालच्या थरातल्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, गवंडी तसं कधीच करत नाही. कोपऱ्याचे दगड मोठे आणि घडवलेले, एक आड एक लांब-आखूड, आणि मुख्य म्हणजे ते कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीवर गेले पाहिजेत. चार भिंती वेगवेगळ्या कोरून चिकटवल्या की कोपऱ्यावर उभी चीर दिसते आणि थर जुळत नाहीत, म्हणून आधी चिकटवा, चीर बुजवा, घासा, मग कोपरे कोरा. कमानीचा मधला दगड विसरू नका. काही दगड बोटाच्या नखाने किंचित दाबा, सगळे एका पातळीत असले की टाइल्स वाटतात.

रंग देताना काळ्या दगडाला काळा रंग देऊ नका बरं का. आपला दगड उन्हात करडा दिसतो, थोडी तपकिरी झाक, पावसात तेवढा काळा पडतो. गडद करडा बेस द्या, मग पाच-सहा दगड थोडे तपकिरी, चार फिकट, शेवटी फिकट करड्या रंगाचं पातळ पाणी सगळीकडे फिरवून वरवर पुसून घ्या, ते सांध्यांत राहतं आणि चुन्याने भरलेल्या फटी दिसतात.

आता पायाच्या डोक्यावर बीम. हा भाग नव्वद टक्के लोक गाळतात. टाकीचा तळसुद्धा त्याच ४ फुटी प्लेटींचा, आणि तळाच्या सांध्यांखाली आधार हवाच, म्हणून दर १४ मिमीला एक आडवा बीम. कार्डच्या तीन पट्ट्या चिकटवून आय आकाराचे बीम करा, पायाच्या भिंतीबाहेर १-२ मिमी टोकं दिसू द्या. दगडाच्या आणि टाकीच्या मधे ही अंधारी फट दिसली की टाकी एकदम जड वाटायला लागते, मला तर अख्ख्या मॉडेलमधली हीच जागा सगळ्यात आवडते.

टाकीच्या प्लेटींसाठी एकच साचा करायचा. जाड कार्डचा १२ मिमी चौकोन, त्यावर मधोमध ९-१० मिमीचा दुसरा, कडा पॉलिश पेपरने उतरत्या घासायच्या, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेषा दाबून घ्यायच्या. सगळ्यावर फेव्हिक्विकचा पातळ हात मारला की साचा कडक होतो. आता डब्याचा फॉइल त्यावर ठेवून आधी कान साफ करायच्या बडने चोळा, मग टूथपिकने कडा काढा. ह्या टाकीला बाजूच्या ४० प्लेटी लागतात, तळाच्या दिसत नाहीत त्या सोडा. सलग पट्टीवर एकापुढे एक छापत गेलात तर कापाकापी वाचते, फक्त दर १४ मिमीची खूण आधी करून घ्या. मागून प्रत्येक खळग्यात फेव्हिकॉल भरा, नाहीतर हाताळताना चेपतात. मग सनबोर्डच्या खोक्यावर चिकटवा आणि सांध्यांवर १ मिमीची कार्डची पट्टी. बोल्टसाठी जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक त्या पट्टीवर फिरवायचं, चिकटवण्याच्या आधी, बारीक ठिपक्यांची ओळ उठते. टेलरचं ट्रेसिंग व्हील वापरू नका, दाते फार लांब लांब असतात.

ओतीव लोखंडाची जुनी टाकी करायची असेल तर प्लेट सपाट आणि तिच्या कडेला जाड उठावदार काठ, कधी मधे फुलीसारख्या उठावदार पट्ट्या. इंग्लंडमधे सेटलला अशी दगडी पायावरची टाकी आहे, आता तिचं घर केलंय लोकांनी, फोटो भरपूर सापडतात, बघून घ्या.

वरची बाजू कोणी करतच नाही आणि गंमत म्हणजे लेआउट आपण वरूनच बघतो! टाकी उघडी ठेवणार असाल तर आत पाणी दिसलं पाहिजे, काठाच्या खाली ८-१० मिमीवर काळपट हिरवा रंग दिलेला कार्ड आणि त्यावर ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन हात. समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवणारे आतले ताण म्हणजे लोखंडी सळ्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर भिंती बाहेर पडतील ना, तिथे बारीक वायर ताणा. झाकलेली करणार असाल तर नालीदार पत्रा. खऱ्या पत्र्याची नाली ३ इंचाची, आपल्याकडे ०.८८ मिमी, आणि एम ५ च्या बोल्टचा आटा ०.८ मिमी, एम ६ चा १ मिमी. तर लांब आट्याचा बोल्ट घ्या, जुन्या ट्यूबच्या रबरावर फॉइल ठेवा आणि बोल्ट दाबून लाटण्यासारखा फिरवा, झाला पत्रा. एखादी शीट सरकलेली, एखादी जास्त गंजलेली ठेवा.

पाईप चार. पंपाकडून येणारा भरायचा पाईप, तो बाहेरून चढून काठावरून आत जातो. कॉलमकडे जाणारा जाड पाईप, तळातून निघतो, पण तळाच्या थोडा वरून पाणी घेतो म्हणजे गाळ जात नाही. ओव्हरफ्लोचा, काठाच्या जरा खालून बाहेर. आणि धुवायचा, अगदी तळातून, त्याला व्हॉल्व. जाडी वेगवेगळी ठेवा, कॉलमचा सगळ्यात जाड, ८ इंची धरला तर २.३ मिमी. शिडी एक बाहेरून, तिचं टोक काठाच्या वर थोडं आलेलं.

आणि लेव्हलचा बोर्ड. टाकीच्या बाहेर उभी पट्टी, त्यावर आकडे आणि एक काटा. आत तरंगता फ्लोट, त्याची साखळी काठावरच्या कप्पीवरून बाहेर, तिच्या टोकाला हा काटा वजनासकट. म्हणजे पाणी वर चढलं की काटा खाली येतो. टाकी भरलेली दाखवायची तर काटा तळाशी हवा, आकडेसुद्धा उलटे, मोठा आकडा खाली. बहुतेक मॉडेलवर काटा वर आणि टाकी भरलेली असं असतं, ते चूक.

आता कॉलम, ज्याच्याशी इंजिनाचा खरा संबंध. टाकी स्टेशनच्या मागे विहिरीपाशी, पंपाच्या खोलीजवळ कुठेही असू शकते, पाणी जमिनीखालून येतं. कॉलम मात्र प्लॅटफॉर्मच्या टोकाला, गाडी जिकडे निघणार त्या बाजूच्या टोकाला, कारण गाडी थांबली की इंजिन तिथे येतं. दोन्हीकडून गाड्या येत असतील तर दोन्ही टोकांना एकेक. शेडमधे राख पाडायच्या खड्ड्याजवळ, म्हणजे राख, कोळसा, पाणी एका ठिकाणी उरकायचं. दोन लाईनींच्या मधे एक कॉलम ठेवला की त्याचा हात दोन्हीकडे फिरतो, शेडसाठी ही जागा वाचवणारी व्यवस्था.

बनवायला सोपा आहे. उभा खांब ३ मिमीच्या प्लास्टिक काडीचा, तळाशी गोल फ्लँज म्हणजे रुंद चकती, त्यावर आडवा हात हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या २-२.५ मिमी अॅल्युमिनियम वायरचा, गोल वळण देऊन. हात रुळाच्या डोक्यापासून ५० मिमीच्या आसपास ठेवा आणि टोकाला काळी हीट श्रिंक ट्यूब खाली लोंबती, ती कातडी किंवा कॅनव्हासची पिशवी. ट्यूब किंचित गरम करून चुरगळा, सरळ नळीसारखी नको. पिशवीच्या टोकाला एक साखळी, फायरमन टेंडरवर चढून ती ओढायचा. तळाशी व्हॉल्वचं चाक, शर्टाचं सगळ्यात लहान बटण घासून होतं. वापरात नसताना हात नेहमी रुळाला समांतर, रुळावर आडवा सोडला तर पुढची गाडी घेऊनच जाईल त्याला. इंग्लंडच्या फोटोंत कॉलमच्या शेजारी छोटी शेगडी दिसते, पाणी गोठू नये म्हणून, ती उत्साहाने आपल्या दौंडला लावू नका.

थोडं अमेरिकन टाकीबद्दल, कारण परदेशातून येणाऱ्या किटमधे तीच असते आणि कोणाकोणाचा लेआउटच अमेरिकन असतो. ती लाकडी पिंप, खाली जाड लाकडी खांब, वर शंकूचं छप्पर आणि टाकीलाच लावलेला खाली ओढायचा नळा. नेहमीचं माप २४ फूट व्यास, १६ फूट उंच, ५० हजारावर अमेरिकन गॅलन, म्हणजे २०० टन पाणी. एचओ मधे ८४ मिमी व्यास आणि ५६ मिमी उंची, ९० मिमीचा पीव्हीसी पाईपचा तुकडा चालून जातो. त्यावर दर १.७५ मिमीला उभ्या रेषा मारलेलं कार्ड गुंडाळा. पट्ट्यांमधे खरी गोम आहे: पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून लोखंडी पट्टे तळाशी दाट आणि वर विरळ. खाली ४-५ मिमीवर, वर जाता जाता ९-१० मिमी. सारख्या अंतरावर पट्टे असलेली टाकी दिसली की समजायचं, करणाऱ्याने पाण्याचा विचार केला नाही. पट्टे सलग कडं नसतात, तुकडे बोल्टने ताणलेले असतात, ते सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. खांब १२ इंची म्हणजे ३.५ मिमी, आगपेटीच्या काड्या लावू नका. मधला पाईप थंड भागात लाकडी खोक्यात झाकलेला. लाकूड सतत ओलं ठेवायला लागायचं, वाळलं की फटी पडून गळती, म्हणून खाली ओले काळे ओघळ आणि शेवाळ, वरचा भाग उन्हाने पांढुरका. नंतरच्या काळात तिकडेसुद्धा स्टीलच्या गोल टाक्या आल्या.

परत आपल्याकडे. शेवटचा हात म्हणजे जुनाटपणा, तिथे मात्र आवरतं घ्या. टाकीला आधी रेड ऑक्साइडचा रंग, त्यावर चंदेरी किंवा करडा, तो स्पंजने टिपून मधे मधे लाल राहू द्या. गंज बोल्टच्या ओळींपासून खाली येतो, प्लेटच्या मधून नाही. आपल्याकडचं विहिरीचं पाणी जड, क्षाराचं, गळतीच्या जागी पांढरे ओघळ उठतात, ते गंजाच्या ओघळांपेक्षा जास्त ठळक, पांढऱ्या पोस्टर कलरच्या अगदी पातळ हाताने काढा, सुरुवात सांध्यापासून. ओव्हरफ्लोच्या खाली दगडावर हिरवं-काळं शेवाळ. आणि जमीन: तुमचा लेआउट मे महिन्यातला, सगळं गवत पिवळं पडलेलं असला तरी टाकीखाली हिरवं, ओव्हरफ्लोच्या पाण्यावर कोणीतरी कर्दळ आणि अळू लावलेलं असणारच. कॉलमखाली उलट, कोळशाची भुकटी आणि पाणी मिळून काळा चिखल, एक जाळीचा चर, थोडं ग्लॉस व्हार्निश.

जोडणीचा क्रम पाळा, कारण नंतर हात घालायला जागा राहत नाही: पाया बेसबोर्डवर चिकटवायच्या आधी कॉलमच्या पाईपचं भोक पाडा, मग पाया, बीम, टाकी, पाईप, शिडी सगळ्यात शेवटी. कॉलमला मात्र गोंद लावूच नका, नुसता भोकात घट्ट बसवा, म्हणजे हात फिरवता येतो आणि रुळ साफ करताना काढून ठेवता येतो. प्रत्यक्ष छोट्या मापात स्टेशनचा परिसर कसा मांडतात ते बघायचं असेल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहेच, जाताना खिशात पट्टी ठेवा.